रायबोस्विच: नळीत केडी नॅनोमोलर, मग पेशीत मायक्रोमोलर का लागतं?

पिंपळपान

रायबोस्विचवर (लहान रेणू ओळखून जनुक चालू-बंद करणाऱ्या आरएनएच्या तुकड्यावर) काम सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो, म्हणून वेगळा धागा काढतोय. नळीत मोजलेला केडी (निम्मा आरएनए भरायला लागणारी रेणूची संहती; आकडा जितका लहान तितकं बंधन घट्ट) येतो ५ नॅनोमोलर. तोच आरएनए रिपोर्टर जनुकाच्या (ज्याचं उत्पादन सहज मोजता येतं अशा जनुकाच्या) आधी जोडून पेशीत घातला की रेणूची संहती शेकडो पट वाढवेपर्यंत जनुक ढिम्म हलत नाही. मग मोजमाप चुकलं असं समजून पुन्हा केडी काढायला बसायचं. बहुतेक वेळा मोजमाप बरोबरच असतं. नळीला विचारलेला प्रश्न आणि पेशीला विचारलेला प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न असतात, घोळ तिथे आहे.

नवीन मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीचा काही भाग प्रथिनात उतरत नाही. रायबोस्विच बसतो तो तिथे. त्याचा पहिला भाग अॅप्टॅमर, म्हणजे ठरावीक लहान रेणू ओळखून धरणारा खिसा. दुसरा एक्स्प्रेशन प्लॅटफॉर्म. खिसा भरलेला आहे की रिकामा, त्यानुसार याची घडी बदलते आणि जनुक चालू किंवा बंद होतं. ओळखायला मधे कुठलंही प्रथिन लागत नाही. २००२ साली येलमधल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या येवगेनी नुडलर यांच्या गटांनी बी-१, बी-२ आणि बी-१२ या जीवनसत्त्वांपासून बनणाऱ्या सहविकरांवर (विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, जोडीदार रेणूंवर) हे दाखवलं. आज प्रयोगाने सिद्ध झालेले ५५ हून अधिक वर्ग आहेत.

या धाग्यासाठी एकच उदाहरण धरू: बॅसिलस सब्टिलिसमधल्या एक्सपीटी जनुकाचा ग्वानीन रायबोस्विच. याची रचना डोळ्यासमोर आणली की पुढचं सगळं सोपं जातं. तीन दांड्यांचा (आरएनए स्वतःशीच जोडी करून बनणाऱ्या दुहेरी भागांचा) सांधा आहे. पायथ्याशी पी-१, वर शेजारी शेजारी उभ्या पी-२ आणि पी-३, आणि या दोघींच्या टोकांची वळणं एकमेकांत अडकलेली. ग्वानीन बसतं मधल्या सांध्यात, आणि इतकं झाकलं जातं की बाहेरच्या पाण्याचा त्याला जवळजवळ स्पर्शच होत नाही. ७४ व्या जागचा सी (आरएनएच्या ए, सी, जी, यू या चार अक्षरांपैकी एक) त्याच्याशी नेहमीची वॉटसन-क्रिक जोडी करतो, ५१ व्या जागचा यू दुसऱ्या बाजूने धरतो. मूळ खिसा ग्वानीन ५ नॅनोमोलरला धरतो आणि अॅडेनीन त्याहून १०,००० पटींहून अधिक दुबळं. पण ७४ चा सी बदलून यू केला की तोच खिसा ग्वानीन सोडतो आणि अॅडेनीन धरतो. एका अक्षराच्या बदलाने पसंती उलटते, आणि प्रयोगासाठी याच्याइतका चोख कंट्रोल दुसरा नाही.

ग्वानीन बसलं की पी-१ पक्की होते. पी-१ ची शेवटची बाजू मोकळी राहिली असती तर तिने पुढच्या तुकड्याशी जोडी करून अँटिटर्मिनेटर (टर्मिनेटर बनू न देणारी घडी) बांधला असता. ती अडकल्यामुळे टर्मिनेटर (आरएनए बनणं थांबवणारी) हेअरपिन बांधली जाते, तिच्यामागे यू-यूची रांग येते, आणि आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेझ तिथेच सुटतं. जनुक बंद. त्याच जिवाणूतल्या पीबीयूई जनुकाच्या अॅडेनीन रायबोस्विचमध्ये खिसा जवळपास हाच, पण पी-१ पक्की झाली की टर्मिनेटरच मोडतो. तिथे जनुक चालू होतं. अॅप्टॅमर सारखा दिसला म्हणून परिणामाची दिशा गृहीत धरू नये.

केडी आणि पेशी यांच्यातल्या तफावतीची मला तीन कारणं दिसतात: मॅग्नेशियम, वेळ, आणि आपण आरएनए कुठे कापून घेतला ते. वेळेचं गणित मी खाली देतो. इन-लाइन प्रोबिंगवर, म्हणजे नळीत केडी मोजायच्या नेहमीच्या पद्धतीवर, दगडफूल यांनी लिहावं.

दगडफूल

लिहितो. इन-लाइन प्रोबिंगचं तत्त्व साधं आहे. आरएनएच्या साखरेवरचा २-प्राइम हायड्रॉक्सिल शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडतो. त्यासाठी हल्ला करणारा ऑक्सिजन, फॉस्फरस आणि सुटणारा ऑक्सिजन एका रेषेत यावे लागतात. लवचिक भागात ही रेष अधूनमधून जुळते, घट्ट दुमडलेल्या भागात सहसा जुळत नाही. त्यामुळे रेणू बसल्यावर ज्या जागी तूट कमी होते ती जागा आवळली गेली, जिथे वाढते ती मोकळी झाली.

कृती अशी. टी-७ पॉलिमरेझने आरएनए बनवा, प्रमोटरनंतर दोन जी ठेवा, नाहीतर उत्पादन फार कमी येतं. जेलवर शुद्ध करा. टी-७ ने बनवलेल्या आरएनएच्या सुरुवातीला ट्रायफॉस्फेट असतं, म्हणून ते काढायला आधी अल्कलाइन फॉस्फटेझ, मग किरणोत्सारी फॉस्फरसचं (पी-३२) लेबल लावायला काइनेझ आणि गॅमा-पी-३२ एटीपी. पुन्हा जेलवर शुद्ध करा. हा दुसरा जेल कंटाळवाणा वाटतो, पण तो गाळला तर तुटके तुकडेही लेबल होऊन येतात आणि पुढे कशाचा अर्थ लागत नाही.

अभिक्रिया १० मायक्रोलिटरची: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.३, २० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, २५ अंशांवर साधारण ४० तास. आरएनएची संहती अपेक्षित केडीपेक्षा बरीच खाली हवी. केडी ५ नॅनोमोलर असेल आणि नळीत आरएनएच २० नॅनोमोलर घातला तर तुम्ही केडी मोजत नसून आरएनए किती आहे ते मोजताय.

रेणूच्या ८ ते १० संहती घ्या. एकाच जागी बंधन असेल तर १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला संहती ८१ पट वाढावी लागते. तुमचा आलेख त्यापेक्षा खूप उभा आला तर आनंद मानण्याआधी आरएनएची संहती तपासा. १० टक्के जेल, ८ मोलर युरिया. शेजारी तीन लेन हव्यातच: अभिक्रिया न केलेला आरएनए, आरएनेझ टी-१ ची शिडी (हे विकर आरएनए ‘जी’ या अक्षरानंतर कापतं), आणि अल्कलीची शिडी (सोडियम कार्बोनेट पीएच ९, ९० अंशांवर ५ मिनिटं). शेवटी बहुतेक आरएनए अखंडच दिसायला हवा. एका रेणूवर एकाहून जास्त काप पडू लागले की वरच्या पट्ट्या फसव्या होतात.

काजवा

उपयुक्त माहिती. दोन शंका.
१. सगळ्या लेनमध्ये, अगदी अभिक्रिया न केलेल्या लेनमध्येसुद्धा, काही ठरावीक जागी ठळक पट्ट्या दिसत असतील तर?
२. ग्वानीनची संहती वाढवत नेली की सगळ्याच पट्ट्या गडद होतात, लवचिक भागातल्याही आणि दांड्यांतल्याही. हे बंधन धरायचं का?

दगडफूल

काजवा, पहिल्या शंकेसाठी त्या पट्ट्यांची जागा वाचा. यू-ए आणि सी-ए या जोड्यांवरच असतील तर आरएनेझ ए (आरएनए कापणारं विकर) आत शिरलं आहे. सर्वात नेहमीचा चोर म्हणजे मिनिप्रेपचा (जिवाणूतून झटपट काढलेला) प्लास्मिड. मिनिप्रेपच्या पहिल्याच बफरमध्ये आरएनेझ ए असतं आणि त्याचा अंश शेवटपर्यंत टिकतो. प्लास्मिड थेट साचा (ज्यावरून आरएनए बनतो तो डीएनए) म्हणून वापरू नका. फिनॉल-क्लोरोफॉर्म करा, किंवा पीसीआरने साचा वाढवून स्वच्छ करून घ्या.

दुसरी गोष्ट बंधन नाही, पीएच आहे. ग्वानीन साध्या पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून स्टॉक पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये करतात. तोच स्टॉक जास्त जास्त घालत गेलात की पीएच चढतो, आणि इन-लाइन तूट पीएचबरोबर वाढते. स्टॉक अशा बेताने बनवा की प्रत्येक नळीत द्रावकाचं आकारमान सारखंच जाईल, आणि नुसतं तेवढंच हायड्रॉक्साइड घातलेली एक लेन ठेवा. ज्यांना फक्त बंधन दाखवायचं आहे त्यांनी हायपोझॅन्थीन वापरावं, ते पाण्यात बरं विरघळतं. या अॅप्टॅमरची २००४ ची स्फटिकरचना हायपोझॅन्थीनसोबतच मिळाली होती. केडी मात्र ग्वानीनपेक्षा सुमारे १० पट वर जाईल.

इतर रेणूंच्याही खोडी असतात. एसएएम (एस-अडेनोसिल मेथिओनिन) ४० तासांत आपोआप तुटत राहतं, त्यामुळे शेवटी नळीत किती उरलं हे माहीत असायला हवं. एफएमएन (बी-२ चं सहविकर) उजेडात बिघडतं, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा. टीपीपीचं (बी-१ च्या सहविकराचं) पायरोफॉस्फेट मॅग्नेशियम धरून बसतं.

मॅग्नेशियमबद्दल पिंपळपान यांच्याशी पूर्ण सहमत. आपण देतो २० मिलिमोलर. पेशीत मोकळं मॅग्नेशियम १ मिलिमोलरच्या आसपास असतं. टीपीपीसारख्या रेणूचं फॉस्फेटचं टोक आरएनए मॅग्नेशियमच्या मध्यस्थीनेच धरतो, त्यामुळे २० ला आलेला केडी हा त्या आरएनएचा सगळ्यात देखणा फोटो असतो. १ आणि २ मिलिमोलरलाही एकेक मालिका करून पाहा.

पिंपळपान

आता वेळेचं गणित. माझ्या मते मुख्य गुन्हेगार हाच.

या घराण्यातल्या अॅप्टॅमरमध्ये रेणू बसण्याचा वेग, म्हणजे के-ऑन, ढोबळमानाने प्रति मोलर प्रति सेकंद १,००,००० धरू. केडी ५ नॅनोमोलर असेल तर सुटण्याचा वेग येतो प्रति सेकंद ०.०००५. बसलेल्या रेणूंपैकी निम्मे सुटायला २३ मिनिटं लागतात. ४० तासांच्या प्रयोगात ही मिनिटं कुठल्या कुठे जातात आणि समतोल व्यवस्थित येतो.

पेशीत काय होतं? पॉलिमरेझ सेकंदाला ४०-५० न्यूक्लिओटाइड चालतं. अॅप्टॅमर बाहेर आल्यापासून टर्मिनेटरचा निकाल लागेपर्यंत मधे १०० च्या आत-बाहेर न्यूक्लिओटाइड असतात. म्हणजे हातात २ सेकंद. निर्णय एकदाच होतो. पॉलिमरेझ पुढे निघून गेल्यावर ग्वानीन येऊन बसलं तरी त्या प्रतीपुरता उपयोग शून्य.

२ सेकंदांत किती आरएनए भरतील ते बघा. ग्वानीन ५० नॅनोमोलर, म्हणजे केडीच्या १० पट: फक्त १ टक्का. १ मायक्रोमोलर: १८ टक्के. १० मायक्रोमोलर: ८६ टक्के. निम्मे भरायला ३.५ मायक्रोमोलर लागतं, म्हणजे केडीच्या ७०० पट. या हिशेबात केडी कुठेच येत नाही हे नीट पाहा. फक्त के-ऑन आणि वेळ येतात.

म्हणूनच पॉलिमरेझ वाटेत कुठे थबकतं याला इतकं महत्त्व आहे. बॅसिलस सब्टिलिसच्या रिबडी जनुकातल्या एफएमएन रायबोस्विचवर ब्रेकर यांच्या गटाने २००५ मध्ये हेच दाखवलं. अॅप्टॅमर आणि टर्मिनेटरच्या मधे थबकण्याच्या जागा आहेत, नसए हे प्रथिन तो थांबा लांबवतं, आणि एनटीपी (आरएनएचे कच्चे घटक: एटीपी, जीटीपी, यूटीपी, सीटीपी) किती दिलंय, म्हणजे पॉलिमरेझ किती वेगाने धावतंय, त्यावर लागणारी एफएमएनची संहती ठरते. थांब्याची जागा बिघडवली तर अॅप्टॅमरला हात न लावता स्विच बहिरा होतो.

उंबरठा

गणित पटलं, पण ते सगळ्या रायबोस्विचना सरसकट लावू नये. जिथे निर्णय भाषांतरणाच्या (आरएनएवरून प्रथिन बनण्याच्या) पातळीवर आहे तिथे घड्याळ वेगळं. व्हिब्रिओ व्हल्निफिकसमधला एडीडी जनुकाचा अॅडेनीन रायबोस्विच घ्या. तो रायबोसोम बसण्याची जागा झाकतो आणि उघडतो. प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणं) संपल्यानंतरही रेणू येऊ शकतो, सुटू शकतो, पुन्हा येऊ शकतो. पीबीयूई आणि एडीडी यांची २०११ मध्ये थेट तुलना झाली: पीबीयूईला प्रतिलेखन चालू असतानाच अॅडेनीन भेटावं लागतं, एडीडीला नंतर भेटलं तरी चालतं. एडीडीसारख्यांत केडी बराच खरा बोलतो, अर्थात मॅग्नेशियम सांभाळून.

ग्ल्मएस तर तिसऱ्याच जातीचा. तिथे ग्लुकोसअमिन-६-फॉस्फेट बसलं की आरएनए स्वतःलाच कापतो, तो रेणू कापण्याच्या रसायनात प्रत्यक्ष भाग घेतो. कापल्यावर उरलेल्या तुकड्याच्या टोकाला मोकळा हायड्रॉक्सिल येतो, बॅसिलस सब्टिलिसमधलं आरएनेझ जे-१ तो ओळखून उरलेला संदेश संपवतं. तिथे इन-लाइन प्रोबिंगचे आकडे केडी म्हणून वाचू नयेत, कापण्याचा वेग मोजावा.

तांबडफुटी

मग २ सेकंदांचा प्रश्न नळीतच विचारायची पद्धत देते: एकफेरी प्रतिलेखन.

साचा: ई. कोलायचा जोरदार प्रमोटर, त्यानंतर १५-२० न्यूक्लिओटाइडपर्यंत सी अजिबात नाही, मग अॅप्टॅमर, टर्मिनेटर, आणि टर्मिनेटरनंतर किमान ५०-६० न्यूक्लिओटाइड. ही शेपटी आखूड ठेवली तर थांबलेला आणि पुढे गेलेला आरएनए जेलवर वेगळे दिसत नाहीत.

पहिली पायरी: साचा १० ते ५० नॅनोमोलर, ई. कोलाय पॉलिमरेझ सिग्मा-७० (प्रमोटर ओळखणारं प्रथिन) सकट, एटीपी, जीटीपी, यूटीपी प्रत्येकी २.५ मायक्रोमोलर, त्यातला एक पी-३२ लेबल असलेला. सीटीपी नाही. ३७ अंशांवर १० मिनिटं. सगळी पॉलिमरेझं पहिल्या सीच्या दारात उभी राहतात. दुसरी पायरी: चारही एनटीपी, सोबत रेणू, सोबत हेपॅरिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. हेपॅरिन मोकळी पॉलिमरेझं अडकवून ठेवतं, त्यामुळे प्रत्येक साच्यावर एकच फेरी होते. १५ मिनिटांनी युरिया आणि ईडीटीएने थांबवा. ६ टक्के जेल.

टर्मिनेशनची टक्केवारी काढताना एक चूक सर्रास होते. लेबल साखळीभर पसरलेलं असेल तर लांब आरएनएमध्ये लेबलचे अक्षर जास्त, म्हणून त्याची पट्टी उगाच गडद. प्रत्येक पट्टीला त्यातल्या लेबल अक्षरांच्या संख्येने भागा, मगच गुणोत्तर घ्या.

आता मुद्द्याचं. हा प्रयोग एनटीपी २० मायक्रोमोलर, १०० मायक्रोमोलर आणि ५०० मायक्रोमोलर अशा तीन वेगांनी करा. एनटीपी वाढवल्यावर निम्म्या परिणामाला लागणारी रेणूची संहती वर सरकली तर स्विच वेळेने बांधलेला आहे. तिथेच राहिली तर समतोलाने. पिंपळपान यांच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुठल्या प्रयोगात मिळत नाही.

काय बिघडतं: हेपॅरिन विसरलं तर फेऱ्या चालूच राहतात आणि सुरुवातीचा थांबा निरर्थक ठरतो. रेणू दुसऱ्या पायरीऐवजी बराच नंतर घातला तर अर्थातच परिणाम शून्य. आणि घरात आहे म्हणून टी-७ पॉलिमरेझ वापरू नका. ते सेकंदाला २०० च्या आसपास न्यूक्लिओटाइड धावतं, जिवाणूंच्या पॉलिमरेझसारखं त्याच जागी थबकत नाही, त्याच टर्मिनेटरवर तसं सुटतही नाही. त्यावर काढलेला निष्कर्ष टी-७ बद्दलचा असतो.

रानमेवा

पी-३२ ची सोय नाही त्यांच्यासाठी अॅडेनीन घराण्यात एक सुंदर वाट आहे: २-अमिनोप्युरीन. हा रेणू स्वतः चमकतो (३०० ते ३१० नॅनोमीटर उजेड द्या, ३७० ला वाचा) आणि अॅडेनीनच्या खिशात बसतो. खिशात गेला की शेजारच्या बेसांमुळे त्याची चमक विझते. म्हणजे आरएनए वाढवत गेलं की उजेड कमी, आणि वरून अॅडेनीन घातलं की २-अमिनोप्युरीन बाहेर ढकललं जाऊन उजेड परत येतो. उजेड परत आला नाही तर तुमची घट बंधनामुळे नव्हती.

कंट्रोल म्हणून तोच आरएनए, ७४ व्या जागी यूच्या ऐवजी सी घेऊन. यात उजेड कमी होता कामा नये. झालाच तर आरएनए उजेड शोषतोय किंवा पिपेटिंगने द्रावण पातळ होतंय. आरएनए खूप लागत असेल तर ३०० सोडून ३१० ला या.

स्टॉप्ड-फ्लो उपकरण (दोन द्रावणं झटक्यात मिसळून वेग मोजणारं) असेल तर याच चमकेवरून के-ऑन थेट मिळतो. आरएनए २-अमिनोप्युरीनच्या किमान १० पट ठेवा, प्रत्येक संहतीला वेग काढा, वेग विरुद्ध आरएनए संहती अशी रेघ ओढा. चढ म्हणजे के-ऑन, छेद म्हणजे के-ऑफ (सुटण्याचा वेग). मग पिंपळपान यांनी अंदाजाने धरलेल्या १,००,००० च्या जागी तुमच्या आरएनएचा आकडा टाका.

दगडफूल

पी-३२ बद्दल जाता जाता: ब्रिटच्या (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) हैदराबादच्या जोनाकी प्रयोगशाळेतून लेबल केलेले न्यूक्लिओटाइड मिळतात. संस्थेकडे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आधी हवी. अर्धायु १४.३ दिवस, म्हणून आरएनए तयार झाल्याशिवाय लेबल मागवू नका. आडोशाला १ सेंटिमीटर अॅक्रिलिक. शिसं नको, बीटा कण शिशावर आदळून क्ष-किरण निघतात.

उंबरठा

तिसऱ्या कारणावर, म्हणजे आरएनए कुठे कापला यावर, अजून कोणी लिहिलं नाही. ग्लायसीन रायबोस्विचची गोष्ट इथे सांगायलाच हवी. दोन अॅप्टॅमर पाठोपाठ, आणि २००४ मध्ये असं दिसलं की एकात ग्लायसीन बसलं की दुसऱ्यात बसणं सोपं होतं. हिल गुणांक (असं सहकार्य मोजणारा आकडा; १ म्हणजे सहकार्य नाही) १.६ च्या घरात. आठ वर्षं हे पाठ्यपुस्तकी उदाहरण होतं. २०१२ मध्ये लक्षात आलं की अॅप्टॅमरच्या आधीचे थोडे न्यूक्लिओटाइड बांधणीतून वगळले गेले होते. ते परत जोडले की दोन अॅप्टॅमरमधल्या दुव्याशी त्यांची जोडी होऊन किंक-टर्न (आरएनएला तीव्र वाक देणारी घडी) बनतो, ग्लायसीन अधिक घट्ट बसतं आणि ते सहकार्य जवळजवळ नाहीसं होतं.

तेव्हा कापताना फक्त संगणकाने दाखवलेला जपलेला गाभा घेऊ नका. प्रतिलेखन जिथून खरोखर सुरू होतं तिथपासून एक बांधणी, आणि पुढच्या बाजूला टर्मिनेटर किंवा रायबोसोमच्या जागेपर्यंत दुसरी, अशा किमान दोन लांबी तपासा. नुसत्या अॅप्टॅमरला पी-१ साठी स्पर्धकच नसतो, म्हणून त्याचा केडी नेहमी गुळगुळीत येतो. प्लॅटफॉर्म जोडला की अँटिटर्मिनेटर पी-१ ची बाजू ओढू लागतो आणि तोच केडी वर जातो.

काजवा

सगळं मान्य करून रिपोर्टरकडे येतो. एक्सपीटी जनुकाच्या आधीचा, रायबोस्विच असलेला भाग लॅकझेडला (बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे विकर बनवणाऱ्या रिपोर्टर जनुकाला) जोडला, बॅसिलस सब्टिलिसच्या गुणसूत्रात एएमवायई जनुकाच्या जागी बसवला, ग्वानीन घातलं, बीटा-गॅलॅक्टोसिडेझ कमी झालं. हे रायबोस्विचमुळेच झालं असं म्हणता येईल?

तांबडफुटी

एवढ्यावर नाही. एक्सपीटीच्या स्वतःच्या प्रमोटरवर पुरआर हा दमनकारकही बसतो, आणि प्युरीन घातलं की तोही हलतो. प्रमोटर बदलून कायम चालू राहणारा घ्या. मग चार बांधण्या: मूळ, ७४ चा सी बदलून यू, पी-१ मोडणारा बदल, आणि पी-१ पुन्हा जुळवणारा भरपाईचा बदल. चौथीत नियंत्रण परत आलं नाही तर तिसरीचा निष्कर्ष मागे घ्या, कारण मग जोडी मोडल्यामुळे नाही तर अक्षर बदलल्यामुळे परिणाम झाला.

शिवाय आरटी-क्यूपीसीआरचे (पेशीत कुठला आरएनए किती आहे ते मोजायच्या पद्धतीचे) दोन प्रायमर संच घ्या, एक टर्मिनेटरच्या आधी, एक नंतर. प्रमोटरवर परिणाम असेल तर दोन्ही सारखे घटतील. रायबोस्विच असेल तर आधीचा स्थिर राहील, नंतरचाच घटेल.

आणि पेशीबाहेर घातलेला रेणू आत पोचतो का, हे आधी विचारा. एफएमएन बाहेरून घालून काही होत नाही, रायबोफ्लेविन द्यायचं. बॅसिलस सब्टिलिस ते रिबयू वाहकाने आत घेतं आणि रिबसी विकराने त्याचं एफएमएन करतं. रिबसी दुबळं असलेल्या जातीत एफएमएन फार कमी बनतं, स्विच उघडाच राहतो आणि जिवाणू रायबोफ्लेविनचा पूर आणतो. रायबोफ्लेविन जास्त बनवणाऱ्या जातींत रिबसीमध्ये नाहीतर थेट रायबोस्विचमध्ये बदल सापडतात ते यामुळेच.

रानमेवा

सेकंदांच्या या शर्यतीचा आपल्याकडे थेट उपयोग होऊ शकेल असं एक उदाहरण म्हणजे फ्लुओराइड रायबोस्विच. २०१२ मध्ये ब्रेकर यांच्या गटाने दाखवला. आरएनए ऋणभारित, फ्लुओराइडही ऋणभारित, तरी धरतो. स्फटिकरचनेत दिसलं की तीन मॅग्नेशियम आयन फ्लुओराइडला वेढून असतात आणि त्या तिघांना आरएनएचे आत वळलेले पाच फॉस्फेट धरून ठेवतात. केडी ६० मायक्रोमोलरच्या आसपास. फ्लुओराइड आलं की टर्मिनेटर मोडतो आणि पुढचं जनुक चालू होतं.

अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ज्युलियस लक्स यांच्या गटाने २०२० मध्ये बॅसिलस सीरियसचा हा स्विच पेशीविरहित अर्कात घातला आणि पुढे असं विकर जोडलं जे कॅटेकोलपासून पिवळा रंग बनवतं. गोठवून वाळवलेली नळी, त्यात पाण्याचा थेंब, पिवळं झालं तर फ्लुओराइड आहे. कोस्टा रिकामध्ये प्रत्यक्ष जागेवर चाचणी झाली, २ पीपीएमला (लिटरला २ मिलिग्रॅम) ओळख पटली.

आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत विंधनविहिरींच्या पाण्यातलं फ्लुओराइड हा जुना आणि गंभीर प्रश्न आहे. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर १.५. मोलरमध्ये १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ५३ मायक्रोमोलर, १.५ म्हणजे ७९, आणि २ पीपीएम म्हणजे १०५. केडी याच पट्ट्यात असणं ही चांगली गोष्ट आहे, पण वर पिंपळपान यांनी मांडलं तेच इथेही लागू: निर्णय चालत्या पॉलिमरेझवर होतो, म्हणून केडीवरून उंबरठा ठरवू नका, पिवळ्या रंगाचा प्रत्यक्ष आलेख काढा.

काजवा

मग विहिरीच्या पाण्यावर अशी नळी वापरायची झाली तर कंट्रोल कुठले ठेवायचे? आणि पिवळं झालं नाही तर पाणी ठीक समजायचं का?

रानमेवा

काजवा, ठीक समजायचं नाही. २ पीपीएमला रंग देणारी नळी १.७ च्या पाण्याला गप्प राहू शकते, आणि ते पाणी मर्यादेबाहेर आहे. रंग आला तर धोका नक्की, न आला तर आयन-निवडक इलेक्ट्रोडवर तपासायचंच.

प्रत्येक नमुन्याला चार नळ्या ठेवा. पहिली नुसत्या नमुन्याची. दुसरीत तोच नमुना आणि वरून माहीत असलेलं सोडियम फ्लुओराइड (लिटरला २.२१ मिलिग्रॅम सोडियम फ्लुओराइड म्हणजे १ मिलिग्रॅम फ्लुओराइड), एकूण ३ पीपीएमच्या वर जाईल इतकं. ही पिवळी झाली नाही तर पाण्यातलं काहीतरी अर्कालाच मारतंय, मग पहिल्या नळीचं गप्प राहणं निरर्थक. तिसरीत रायबोस्विचशिवाय कायम चालू असलेलं तेच विकर. चौथी शुद्ध पाण्याची, टर्मिनेटर किती गळतो ते कळायला. फ्लुओराइडची नळी अर्ध्या तासात पिवळी आणि ही एका तासात पिवळी, असं असेल तर वाचायची वेळ या दोन्हींच्या मधली ठरवा आणि सगळ्यांना तीच लावा.

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेत नको. आणि अर्कात मॅग्नेशियम किती घालायचं ते साध्या बफरवर ठरवून तसंच ठेवू नका. विहिरीचं पाणी स्वतःचं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम घेऊन येतं. इथे मॅग्नेशियम हा खिशाचाच भाग आहे, त्यामुळे ते हललं की उंबरठाही हलतो. त्या भागातल्या फ्लुओराइड नसलेल्या विहिरीच्या पाण्यात सोडियम फ्लुओराइड घालून ०, ०.५, १, १.५, २ आणि ३ पीपीएम अशी मालिका करा आणि रंगाचा आलेख त्यावरूनच काढा.